मूरिंगवरची शिडाची बोट तरत्या जेटीला लावताना

गोसीखुर्द जलाशयाच्या काठावर कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी मुंबईकडून 22 फुटी, जुनी पण सुस्थितीतली शिडाची बोट आणली. तिच्या तळाची उभी फळी, म्हणजे कील, दोरीने वर-खाली करता येते आणि मागे 6 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. पूर्ण पावसाळा ही बोट काठापासून दूर, काँक्रीटच्या ठोकळ्याला साखळीने जोडलेल्या बोयावर, म्हणजे मूरिंगवर उभी होती. आता काठाला प्लास्टिकच्या ठोकळ्यांची तरती जेटी झाली आहे आणि दिवाळीनंतर बोट तिथे आणून कायम बांधायची आहे. सोबतीला पुतण्या आहे आणि गावातले दोन ढिवर बांधव आहेत, ज्यांचा जन्म डोंग्यावर गेला, पण शिडाची बोट त्यांनी हाताळलेली नाही. ‘अंतर शंभर-दीडशे मीटरच आहे, मग एवढी काळजी कशाला?’ असेही त्यांनी विचारले आहे. मुंबईच्या बंदरात माझी बरीच वर्षे अशाच बोटींवर गेली, त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

अंतर कमी आहे हे खरे, पण त्या अंतरात बोटीची सगळी परिस्थिती उलटी होते. मूरिंगवरची बोट लांब दाव्याला बांधलेल्या बैलासारखी असते; वारा फिरला की ती आपोआप फिरते, नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे करते आणि धडकायला भोवती काही नसल्यामुळे तिला फारसे काही होत नाही. जेटीला बांधलेल्या बोटीला फिरता येत नाही. वारा आडवा आला तरी तो तिला अंगावरच घ्यावा लागतो, आणि एका बाजूला हातभर अंतरावर कठीण वस्तू असते. त्यामुळे बोट हलवण्याचे काम म्हणजे केवळ त्या दहा मिनिटांची कसरत नव्हे. त्यातला मोठा भाग बोयाचा दोर सोडण्याआधी उरकतो आणि दुसरा मोठा भाग बोट बांधल्यानंतर सुरू होतो.

सर्वप्रथम जेटी तपासावी. तरती जेटी पाण्याबरोबर वर-खाली होते, हा तिचा मोठा गुण आहे. कारण आपल्या जलाशयाला भरती-ओहोटी नसली तरी वर्षाची एक मोठी ओहोटी असतेच. पावसाळा संपता संपता पातळी भरलेली असते आणि मग रब्बीचे पाणी सुटू लागले की ती उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते. आज जेटीखाली अडीच मीटर पाणी दिसते म्हणून एप्रिलमध्येही बोट तरंगेल असे गृहीत धरू नये. लांब बांबूवर दर वीतभर अंतरावर रंगाच्या खुणा कराव्यात आणि डोंग्यात बसून जेटीच्या दोन्ही बाजूंनी, तसेच बोट ज्या वाटेने येणार त्या वाटेवर, खोली मोजावी. बांबू गाळात किती रुततो आणि कुठे टणक लागतो याकडेही लक्ष असू द्यावे. ही जागा बुडीत क्षेत्राची आहे. खाली जुन्या झाडांची खोडे, घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि धुऱ्यावरचे दगड असू शकतात. ते नकाशावर सापडत नाहीत, पण तिथे रोज जाळे टाकणाऱ्या माणसाला ते पाठ असतात, कारण त्याचे जाळे तिथेच फाटलेले असते. आपल्या सोबतचे दोन ढिवर बांधव या कामात माझ्यापेक्षा जास्त जाणकार आहेत. वाट त्यांनाच ठरवू द्यावी आणि त्या वाटेवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दगडाला बांधून खुणा कराव्यात.

दुसरा प्रश्न असा की जेटी स्वतः कशाला धरून आहे. प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या जेटीवर जे क्लीट, म्हणजे दोर बांधायचे खुंट, बसवलेले असतात, त्यांतले काही फक्त एका ठोकळ्याच्या कानाला बोल्टने पकडलेले असतात. पायी चालणाऱ्यांसाठी किंवा डोंगा अडकवण्यासाठी ते पुरेसे असतील, परंतु 22 फुटी बोटीच्या डोलकाठीवर, दोरांवर आणि अंगावर आडवा वारा आदळला की येणारा ओढा वेगळाच असतो. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा ताशी 10 किलोमीटरच्या वाऱ्याच्या चौपट ढकलतो आणि ताशी 60 किलोमीटरचा झोत छत्तीसपट. म्हणून बसवणाऱ्या कारागिराकडून खात्री करून घ्यावी की क्लीटखाली किमान तीन-चार ठोकळ्यांना धरणारी पट्टी आहे आणि जेटीचे नांगर दोन्ही बाजूंना टाकलेले आहेत. तसे नसेल तर बोट आणण्याची घाई करू नये.

जेटीच्या कोणत्या बाजूला बोट बांधायची, हेही आधीच ठरवावे. शक्यतो वारा बोटीला जेटीपासून दूर ढकलेल अशी बाजू निवडावी. अशा बाजूला बोट आणताना थोडे अवघड जाते, पण बांधल्यावर ती दोरांवर अलगद झुलत राहते, रात्रभर जेटीवर घासत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून आणि मंद असतो, पावसाळ्यात तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, आणि चैत्र-वैशाखातल्या वादळांचा भरवसा कोणत्याच दिशेचा नाही. यातून सोयीची बाजू निवडताना पाण्याचा लांब पसारा कोणत्या दिशेला आहे तेही पाहावे, कारण लाट मोठी होते ती त्याच बाजूने. बोटीची नाळ तिकडे ठेवावी.

एक धोका असा आहे, ज्याकडे काठावरच्या माणसाचे लक्ष सहसा जात नाही, आणि तो डोक्यावर असतो. डोलकाठीची उंची पाण्यापासून मोजून घ्यावी. या आकाराच्या बोटीत ती नऊ मीटरच्या आसपास असते. काठावरच्या मोटरपंपांकडे गेलेल्या विजेच्या तारा ताण सैल होऊन उन्हात आणखी खाली झुकतात, आणि जलाशय भरलेला असताना बोट त्यांच्या तितकीच जवळ जाते. ॲल्युमिनिअमची डोलकाठी 11 केव्ही तारेला टेकायचीही गरज नसते, जवळ गेली तरी पुरते. वाटेत अशी एकही तार असेल तर वाट बदलावी, किंवा डोलकाठी आडवी करूनच बोट हलवावी. पुढे कधी आंभोऱ्याच्या पुलाकडे फेरी मारण्याचा विचार असेल, तर तिथेही पाण्याच्या त्या दिवशीच्या पातळीचा हिशेब करूनच खालून जावे.

आता दिवस आणि वेळ. कार्तिकातली सकाळ यासाठी उत्तम, परंतु अगदी पहाटेची नव्हे. पहाटे वैनगंगेवर धुके असते आणि त्याच वेळी रात्री टाकलेली जाळी काढण्याचे काम चालू असते. जाळ्यांचे तरंगते थर्माकोलचे तुकडे धुक्यात दिसत नाहीत, आणि नायलॉनचे बारीक जाळे इंजिनाच्या पंख्यात गुंडाळले गेले तर इंजिन बंद पडते, शिवाय कुणाच्या तरी पोटावर पाय येतो तो वेगळाच. मच्छीमार संस्थेला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, धुके विरून जाळी निघाली की सुरुवात करावी आणि उन्हाबरोबर वारा वाढण्याच्या आत बोट बांधून मोकळे व्हावे. प्रादेशिक हवामान केंद्र, नागपूर यांचा त्या दिवसाचा अंदाज पाहावा, आणि धरणाचे दरवाजे उघडून विसर्ग चालू असेल तर काम पुढे ढकलावे. साठ्याचे पाणी स्थिर दिसले तरी विसर्गाच्या काळात जुन्या नदीपात्राच्या रेषेत ओढ असते, आणि ती ओढ अगदी वळण घेण्याच्या क्षणी जाणवते.

दोरांच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. बाजारात मिळणारा निळा किंवा पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो, पाण्यावर तरंगतो आणि सगळेच तो वापरतात. बोट बांधण्यासाठी मात्र तो वापरू नये. तो ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्येक हिसका थेट क्लीटवर जातो. आपल्याकडच्या उन्हात एक-दोन हंगामांत तो कुरकुरीत होतो आणि गाठही नीट धरत नाही. तीन पेडी नायलॉनचा 12 मिलिमीटरचा दोर घ्यावा. पुढचा आणि मागचा दोर प्रत्येकी साधारण पाच मीटर, आणि दोन स्प्रिंग, म्हणजे बोटीला पुढे-मागे सरकू न देणारे तिरपे दोर, प्रत्येकी बोटीच्या लांबीइतके असावेत. बोटीच्या मधल्या क्लीटसाठी आणखी एक आठ-दहा मीटरचा दोर वेगळा ठेवावा. त्या दिवसाचे खरे काम तोच करणार आहे. जिथे दोर कडेवर घासतो तिथे पाण्याच्या जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवावा. फेंडर, म्हणजे बोट आणि जेटी यांच्यामध्ये धक्का झेलणारी उशी, म्हणून जुने टायर वापरायचे असतील तर त्यांना बारदाना गुंडाळावा, नाहीतर बोटीच्या पांढऱ्या अंगावर कायमचे काळे पट्टे उमटतात. फेंडर किमान तीन, बोटीच्या सर्वांत रुंद भागाजवळ आणि जेटीच्या कडेच्या उंचीला. फार वर टांगलेला फेंडर ऐन वेळी उसळून जेटीवर चढतो आणि काहीच अडवत नाही.

इंजिनाविषयी चार गोष्टी. ते बोयावर बांधलेल्या अवस्थेतच सुरू करून दहा मिनिटे चालू द्यावे, पुढचा आणि मागचा दोन्ही गिअर टाकून पाहावा आणि थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते का ते बघावे. पेट्रोलच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी लहान स्क्रू असतो. तो बंद राहिला तर इंजिन सुरू होते, काही मिनिटे व्यवस्थित चालते आणि टाकीत हवा न गेल्यामुळे नेमके जेटीजवळ आल्यावर गुदमरून बंद पडते. तसेच रिव्हर्समध्ये आउटबोर्ड उचलले जाऊ नये म्हणून त्याच्या कंसावर एक खटका असतो. तो लावलेला नसेल तर थांबण्यासाठी रिव्हर्स टाकताच इंजिन पाण्याबाहेर झेपावते आणि बोट आहे त्या वेगाने पुढे जात राहते. किल-स्विचची, म्हणजे इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या कळीची, दोरी हाताला असावी. यापलीकडे, शिडे आवरलेली पण उघडायला तयार ठेवावीत आणि लहान नांगर पुढे हाताशी ठेवावा. इंजिन बंद पडले तर नांगर टाकून शांतपणे विचार करता येतो.

कील खाली ठेवावी की वर, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. ती वर उचलली तर उथळ पाणी आणि खोडे यांची भीती कमी होते, पण मग बोट पानासारखी हलकी होऊन आडव्या वाऱ्यात घसरत जाते आणि सुकाणू ऐकत नाही. माझे मत असे की बांबूने मोजलेली वाट खात्रीची असेल तर कील निम्म्याहून थोडी जास्त खाली ठेवावी आणि तिची दोरी पुतण्याच्या हाती द्यावी. कील कुठे टेकल्याचा आवाज आला तर त्याने ती ओढून घ्यावी.

सर्वांना जॅकेट घालायला लावावे, जन्मभर पाण्यावर असलेल्यांनाही. त्यांची पोहण्याविषयी शंका नसते, पण बोट आणि जेटी यांच्यामध्ये पडलेल्या माणसाला पोहणे उपयोगी पडत नाही. एक ढिवर बांधव जेटीवर उभा असावा आणि दुसरा रिकामा डोंगा घेऊन बाजूला असावा; गरज पडली तर तो शेपटाकडून ढकलून बोट वळवू शकतो. जेटीवरच्या माणसाला एकच गोष्ट समजावून सांगावी: दोर हातात आला की तो ओढायचा नाही, लगेच क्लीटला एक वेढा घालायचा. नवखा माणूस मदतीच्या भरात पुढचा दोर जोराने ओढतो, त्यामुळे नाळ जेटीवर आदळते आणि मागचा भाग पाण्यात लांब फेकला जातो.

बोया सोडताना दोर दुहेरी करावा, म्हणजे त्याचे एक टोक बोटीवर बांधलेले, मधला भाग बोयाच्या कडीतून गेलेला आणि दुसरे टोक हातात. एक टोक सोडून ओढले की दोर सुटून परत बोटीवर येतो. दोर सुटल्याबरोबर पुढचा गिअर टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. बोया त्या वेळी बोटीच्या अगदी पुढे असतो; बोटीला वाऱ्याने चार-पाच मीटर मागे सरकू द्यावे, बोया आणि त्याचा दोर स्पष्ट दिसू द्यावा, आणि मगच हळू पुढे जावे. जलकुंभीचे तवंग वाटेत आले तर न्यूट्रलमध्ये त्यावरून सरकून जावे, पंखा फिरवत त्यात शिरू नये.

जेटीसमोरून एकदा, दोन बोटींच्या अंतराने, नुसते सरळ निघून जावे. या फेरीत बोट किती घसरते, न्यूट्रलमध्ये किती दूर जाते आणि सुकाणू कोणत्या वेगाखाली ऐकेनासे होते ते कळते. त्यानंतर वळून शक्यतो वाऱ्याच्या समोरून, जेटीशी पंचवीस-तीस अंशांचा कोन करून, चालत्या माणसापेक्षाही हळू यावे. वारा जेटीकडून पाण्याकडे वाहत असेल तर कोन थोडा मोठा ठेवावा, कारण नाळ उडून जाण्याआधी दोर पोचायला हवा. वारा जेटीकडे ढकलत असेल तर मीटर-दीड मीटर अंतरावर समांतर थांबावे आणि उरलेले काम वाऱ्याला करू द्यावे. शेवटच्या लांबीत बोट समांतर करावी, रिव्हर्सचा एक लहान झटका देऊन थांबवावी आणि मधल्या क्लीटचा तो वेगळा दोर आधी द्यावा. पुढचा नव्हे, मागचाही नव्हे, मधला. तो जेटीवर बोटीच्या थोडा मागे असलेल्या क्लीटला पक्का झाला की इंजिन पुढच्या गिअरमध्ये अगदी मंद ठेवावे आणि सुकाण्याचा व इंजिनाचा असे दोन्ही दांडे जेटीच्या बाजूला ढकलावेत. बोट पुढे जाऊ पाहते, दोर तिला अडवतो, आणि ती आपल्या अंगाने जेटीला येऊन चिकटते. इंजिन असेच चालू ठेवून बाकीचे चार दोर निवांतपणे बांधता येतात. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही, म्हणून शक्य असल्यास आदल्या दिवशी जेटीवरच्या माणसाला डोंग्यावर हाच प्रयोग करून दाखवावा.

मनासारखे जमले नाही तर पुन्हा बाहेर जाऊन नव्याने यावे. वाकडी आलेली बोट पाय किंवा हात मधे घालून अडवायची नाही, हे सर्वांना आधीच बजावून ठेवावे. या बोटीचे वजन टनाच्या पुढे असते. फेंडर फाटला तर नवा मिळतो.

बांधून झाल्यावरची एक बाब मी सर्वांत गंभीर मानतो, ती विजेची. जेटीवर दिवे आणि बॅटरी चार्ज करण्यासाठी वायर आणण्याचा आपला विचार आहे. गोड्या पाण्यात हा विषय समुद्रापेक्षाही जास्त धोक्याचा आहे. समुद्राचे खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगले वाहक असते, त्यामुळे गळतीचा प्रवाह बराचसा पाण्यातूनच जातो. गोडे पाणी तितके वाहक नसते, म्हणून पोहणाऱ्याचे शरीर प्रवाहाला जवळची वाट पुरवते. हातपाय आखडतात आणि चांगला पोहणाराही आवाज न करता बुडतो. जेटी झाली की गावातली पोरे तिथे उड्या मारणारच. म्हणून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), पक्के अर्थिंग आणि परवानाधारक वायरमन या तिन्ही गोष्टींशिवाय जेटीवर वीज नेऊ नये, आणि कुणी पाण्यात आखडलेला दिसला तर आधी मेन स्विच बंद करावा, मागाहून पाण्यात उतरावे. तोपर्यंत सौर पॅनेलवर बॅटरी भरावी, ते पुरते. शिवाय बोट समुद्रातून आली आहे, तेव्हा तिच्या धातूच्या भागांना गंजापासून वाचवणारे जस्ताचे तुकडे गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. ते बदलून मॅग्नेशिअमचे बसवावेत.

दोरांकडे पहिला आठवडा रोज आणि नंतर आठवड्यातून एकदा पाहावे. जेटी तरती असल्यामुळे पातळी उतरल्याने दोर ताणले जाणार नाहीत, परंतु एखादा दोर सोयीसाठी काठावरच्या झाडाला किंवा खांबाला बांधला असेल तर एखाद्या रात्री तोच बोटीला एका बाजूला टांगून ठेवेल. काठावर काहीही बांधू नये. किनारा आणि जेटी यांना जोडणारी फळी पातळी उतरेल तशी तिरपी होत जाते, तीही वेळोवेळी सरकवावी लागेल.

जुना ठोकळा काढून विकावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. काढू नये. 500 किलोचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात सुमारे 290 किलोच भरतो हे खरे, पण गाळाने धरलेला असल्यामुळे तो उचलायला लागणारा जोर त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि दोन डोंग्यांच्या मधे लाकूड टाकून तो उपटण्याच्या प्रयत्नात डोंगे उलटू शकतात. त्याहून महत्त्वाचे कारण असे की तो कामाचा आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून येऊन जे वादळ सुटते, त्याचा इशारा आदल्या दिवशी किंवा सकाळी मिळाला तर बोट जेटीवर ठेवण्यापेक्षा सकाळच्या शांत वाऱ्यात परत बोयावर नेऊन ठेवणे मला जास्त सुरक्षित वाटते. तिथे ती स्वतःला वाऱ्यासमोर फिरवून घेईल आणि जेटीचे क्लीटही वाचतील. मात्र ढग दिसू लागल्यावर हे करायला जाऊ नये, कारण मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपली डोलकाठीच असते. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवावे. बोयाची साखळी दर वर्षी पाणी उतरल्यावर वर घेऊन तिच्या कड्या तपासाव्यात. ठोकळ्याजवळची, गाळात सतत घासणारी कडी सर्वांत आधी झिजते, आणि झीज स्पष्ट दिसू लागली की ती बदलावी.